ओळखीच्यांचं कुत्रं-मांजर सांभाळायचे पैसे मागायचे का? हो, आणि पहिल्या दिवसापासून

कर्वेनगरच्या एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. वय ४३, दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, घरी ट्यूशन घेतात, मिस्टर भोसरीला कंपनीत, मुलगा बारावीला, सासूबाई ७४ वर्षांच्या आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन याच वर्षी झालंय. मागच्या दिवाळीत वरच्या मजल्यावरचे लोक त्यांचा लॅब्रॅडॉर चार दिवस यांच्याकडे ठेवून गावाला गेले, ताईंनी मायेने सांभाळला, परत आल्यावर काजूकतलीचा बॉक्स मिळाला आणि "तुम्ही होतात म्हणून जाता आलं हो" हे वाक्य. आता आणखी तिघांनी विचारलंय, बिल्डिंगमधल्या एकांच्या दोन मांजरी, वारज्याच्या एकीचा पग, आणि एका नवीन जोडप्याचं दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. ताई विचारतात की यातून खरंच पैसे मिळतात का, किती मागायचे, ओळखीच्या माणसांकडे मागायचे कसे, सोसायटीने काही म्हटलं तर काय, आणि प्राणी आजारी पडला तर जबाबदारी कोणाची.

ताई, काम नक्की करा. तुम्हाला प्राण्यांची आवड आहे, घरी असता, आणि पत्रात तुम्ही लिहिलंय ना की तो लॅब पहिल्या रात्री दाराशीच बसून राहिला म्हणून तुम्ही हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपलात, ते वाचूनच मला कळलं की तुमच्याकडे कोणीही निर्धास्तपणे आपलं लेकरू सोपवावं. पण फुकट करू नका. आणि हे मी फक्त तुमच्या कष्टांसाठी म्हणत नाहीये, त्या प्राण्याच्या भल्यासाठी म्हणतेय. फुकट सांभाळायला घेतलं की काय होतं, समोरचा जाता जाता पट्टा आणि पेडिग्रीची पिशवी हातात देतो, "काही त्रास नाही हो त्याचा" म्हणतो आणि निघतो, आपणही संकोचाने काही विचारत नाही. मग त्याला फटाक्यांची भीती आहे, कानात औषध घालायचंय, लसीची तारीख उलटून गेलीय, अनोळखी पुरुष दिसला की गुरगुरतो, यातलं काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा मालक तारकर्लीला रेंज नसलेल्या होमस्टेमध्ये असतो. पैसे ठरले की विचारायचा हक्क येतो, लिहून घ्यायचा हक्क येतो आणि नाही म्हणायचा सुद्धा येतो. समोरच्यालाही मोकळं वाटतं, कारण उपकाराखाली राहायला कोणालाच आवडत नाही, त्यांनाही रात्री अकराला फोन करून "जेवला का हो?" विचारायला जीव कचरत असतोच.

मागायचे कसे, तर तोंडावर बोलायला अवघड जात असेल तर सरळ व्हॉट्सॲपवर लिहा. वरच्या ताईंना असं काहीतरी पाठवा: "ताई, यंदापासून मी पेट सिटिंगचं काम व्यवस्थित सुरू करतेय. तुमच्या बाळाला मी ओळखते, त्यामुळे दिवाळीत जाणार असाल तर तारखा आधी कळवा, तुमच्यासाठी त्या धरून ठेवते. दिवसाचे इतके, पाडवा-लक्ष्मीपूजनाचे इतके, निम्मे आधी. एकदा बसून त्याचं खाणं-औषधं सगळं लिहून घेऊ." बस. यात माफी नाही, "राग मानू नका" नाही, "परिस्थितीच तशी आहे" नाही. तुम्ही ट्यूशनची फी सांगता तसंच सांगायचं. यावर कोणी "अहो आपल्यात कसले पैसे" म्हणालंच तर हसून सांगा की आता तारखा बुक व्हायला लागल्यात. काही जण नाराज होतील, होऊ देत, ते मुळात गिऱ्हाईक नव्हतेच.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि इथे माझं तुमच्यापेक्षा वेगळं मत आहे. तुम्हाला प्राणी घरी आणून ठेवायचेत. मी म्हणते निदान पहिलं वर्षभर तरी आणू नका, तुम्ही त्यांच्या घरी जा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या ७४ वर्षांच्या बाईंच्या घरात तीस किलोचा लॅब आनंदाने उडी मारून आला आणि त्या पडल्या, तर त्या पडण्याची भरपाई जगातल्या कुठल्याच कमाईतून होणार नाही. कुत्र्याचा त्यात काही दोष नसेल, तो प्रेमानेच येईल, पण वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या पायात लहानसं शिह त्झू कुत्रं आलं तरी पुरतं. मांजरांचं तर घरीच राहणं जास्त चांगलं, मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं, नवीन घरात आणलं की खात नाही, पीत नाही, कपाटामागे जाऊन बसतं. शिवाय सोसायटीचा प्रश्न निम्मा इथेच सुटतो, तुमच्या फ्लॅटमध्ये धंदा चाललाय, रोज नवीन कुत्रं येतंय अशी तक्रार करायला जागाच राहत नाही.

त्यामुळे सुरुवात बिल्डिंगमधल्या त्या दोन मांजरींपासून करा. हे काम वरवर सोपं वाटतं, दोनदा जायचं, खाणं ठेवायचं, लिटर (मांजर शी-शू करतं ती वाळू) साफ करायचं, अर्ध्या तासात परत. पण मांजर आजार लपवतं, म्हणून तो अर्धा तास डोळे उघडे ठेवून काढायचा असतो. आत शिरताना आधी दार जेमतेम पायाएवढं उघडा आणि पिशवी खाली धरून आत सरका, कारण बरीच मांजरं दाराच्या आवाजाला धावत येतात आणि जिन्यात पळतात. आत गेल्यावर पहिलं काम दोन्ही मांजरं डोळ्यांनी बघणं. दिसली नाही तर दिवाणाखाली, वॉशिंग मशीनच्या मागे, माळ्यावर बघा, पण ओढून काढू नका, जमिनीवर बसा आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहा. मी जिला सांभाळायला जायचे ती एक लाजाळू मनी दिवाणाखालून फक्त मिशा बाहेर काढून बसायची, मी तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले की मग हळूच येऊन माझ्या ओढणीचा वास घ्यायची आणि वाडग्याकडे जायची. ते बघितल्याशिवाय मी कुलूप लावत नसे, कारण मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर मालकाला आणि व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरांना) फोन करायची वेळ झालेली असते, जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरवर परिणाम होतो.

दुसरं म्हणजे लिटर बॉक्स. शूचे गोळे रोज मोजा, खरंच मोजा. बोका असेल आणि तो सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि गोळा मात्र नाही किंवा अगदी थेंबभर, तर त्याची लघवी तुंबलीय, ही इमर्जन्सी आहे, एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो, उद्या सकाळी बघू म्हणायचं नाही, रात्री असेल तर रात्री न्यायचं. घर बंद करताना खिडक्या आणि बाल्कनीची जाळी बघा. आणि त्यांच्या घरात बुके असेल तर त्यात लिली आहे का बघा, वाढदिवसाच्या नाहीतर वास्तुशांतीच्या बुकेत असते ती मोठ्या पाकळ्यांची, तिचे परागकण अंगाला लागून मांजराने चाटले तरी किडनी निकामी होऊ शकते. सरळ उचलून पिशवीत बांधून बाहेर टाका आणि मालकाला कळवा.

कुत्र्यांकडे येऊ. कुत्र्याला दिवसभर एकटं ठेवून फक्त दोनदा फिरवून आणणं मला पटत नाही, रात्री तर नाहीच. म्हणजे कुत्र्यासाठी एकतर तुम्ही त्यांच्याकडे झोपायचं किंवा काम घ्यायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या लॅबसाठी एक सुचतं, मालकांची परवानगी असेल तर तुमचा मुलगा रात्री तिथे झोपू शकेल, बारावीचं वर्ष आहे, शांत घर आणि सोबतीला एक कुत्रा, अभ्यासाला यापेक्षा बरी जागा नाही, आणि त्यालाही थोडे पैसे हातात द्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मात्र संध्याकाळी सात ते साडेअकरा तुम्ही दोघांपैकी कोणीतरी त्याच्याजवळ बसलंच पाहिजे, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, टीव्ही किंवा पंखा मोठ्याने, आणि फिरवून आणणं सहाच्या आत उरकलेलं. त्या आठवड्यात पुण्यातल्या प्रत्येक एरियाच्या ग्रुपवर हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो येतात बघा, ते बहुतेक फटाक्याच्या आवाजाने पट्टा सोडवून पळालेले असतात. गणपतीत सोसायटीसमोरून ढोलताशा किंवा डीजे जाणार असेल तर तेच.

पट्ट्यावरून आठवलं. नुसत्या गळ्यातल्या पट्ट्यावर दुसऱ्याचं कुत्रं रस्त्यावर नेऊ नका, घाबरलं की ते उलटं मागे सरकतं आणि डोकं पट्ट्यातून बाहेर. हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) मागा, पट्टा आणि अंग यांच्यात दोन बोटं जातील इतपत घट्ट, आणि तो घरात दार बंद असतानाच घालायचा, जिन्यात किंवा गेटपाशी नाही. पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला हवा, सांभाळायच्या दिवसात तुमचा नंबर हवा, कारण मालक बाहेरगावी असताना त्यांच्या नंबरचा काय उपयोग. गल्लीतली भटकी कुत्री कुठे बसतात ते आधी मालकाबरोबर एक चक्कर मारून बघून ठेवा, समोरून आली तर ओरडू नका, पळू नका, वळून दुसऱ्या बाजूने चला. वाटेतली शी उचलायची, पिशव्या मालकानेच द्यायच्या.

पगचं सांगते. घ्या, पण मे महिन्यात फार जपून. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग नीट गार करता येत नाही, पुण्याचा पारा चाळिशीकडे गेला की घरात बसूनसुद्धा त्रास होतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी रस्ता थंड झाल्यावरच बाहेर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पायांना पण सोसणार नाही. धापा थांबतच नाहीयेत, लाळ गळतेय, हिरड्या लालभडक झाल्यात, चालताना झोकांड्या जातायत, असं दिसलं तर सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी घाला, पंखा लावा आणि तसंच व्हेटकडे न्या.

आणि ते दोन महिन्यांचं पिल्लू, त्याला नाही म्हणा. मला माहितीय ते सगळ्यात गोड असणार आणि जोडप्याला खरंच गरज असणार, पण त्या वयात लसी पूर्ण झालेल्या नसतात, साधारण चार महिन्यांपर्यंत डोस चालू असतात, रेबीजची लस पण तिसऱ्या महिन्याच्या आसपास देतात. पार्व्हो नावाच्या व्हायरसच्या आजाराने अशी पिल्लं दोन-तीन दिवसात जाऊ शकतात आणि तो व्हायरस फरशीवर, चपलेवर कित्येक महिने टिकतो, साध्या फिनाईलने जात नाही. तुम्ही चार घरं फिरणार, तुमच्या चपलेतून तो त्याच्यापर्यंत जाऊ शकतो किंवा त्याच्याकडून दुसरीकडे. शिवाय ते दिवसातून चारदा खातं, रात्रीतून दोनदा उठतं, सगळं चावतं. त्यांना प्रामाणिकपणे सांगा की डोस पूर्ण झाल्यावर आनंदाने घेईन, आत्ता ट्रिप पुढे ढकला किंवा घरातलं कोणीतरी मागे राहा.

पहिली भेट, ही कधीही टाळायची नाही, बिल्डिंगमधले असले तरी. निघायच्या आदल्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी. अनोळखी घर असेल तर मुलाला किंवा मिस्टरांना बरोबर घेऊन जा. गेल्यावर लगेच कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवू नका, सोफ्यावर बसा, मालकांशी बोला, त्याला येऊन वास घेऊ द्या. तो कसा येतो ते बघा. शेपूट हलतेय म्हणजे खूश असं नसतं, अंग ताठ आणि शेपूट वर ताठ हलत असेल तर तो सावध आहे. मालकांना वाडग्यात खाणं द्यायला सांगा आणि तो खात असताना कोणी जवळून गेलं तर काय करतो ते बघा. मग वही काढा. लसीचं कार्ड बघायला मागा, रेबीजची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, कार्डाचा फोटो काढून ठेवा. तारीख उलटली असेल तर आधी लस मग काम, यात ओळख आणायची नाही. किती वाजता काय खातो, किती वाट्या, कुठली औषधं, गोचीड-पिसवांचं औषध कधी लावलं, कशाला घाबरतो, कधी कोणाला चावलाय का. शेवटचा प्रश्न विचारताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. "खेळताना जरासं" असं उत्तर आलं तर कोणाला, कुठे, टाके पडले का, सगळं विचारा. तुम्हाला पोटात कसंतरी वाटलं तर काम घेऊ नका, कारण द्यायची पण गरज नाही, तारखा जमत नाहीत म्हणा.

घराच्या चाव्यांचा विषय बायका बोलायला लाजतात पण बोलाच. घरात आणखी कोणाकडे चावी आहे, कामवाल्या मावशी येणार आहेत का, कॅमेरे कुठे कुठे आहेत, हे विचारून घ्या. दागिने-पैसे असलेली कपाटं त्यांनी स्वतः कुलूप लावून जायची. पहिल्या दिवशी आत गेल्यावर मोबाईलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून त्यांना पाठवा आणि शेवटच्या दिवशी निघताना पुन्हा. यात त्यांच्यावर अविश्वास नाही, तुमच्यावर उद्या बोट येऊ नये म्हणून आहे. चावीला नाव-पत्त्याचा कागद लावू नका. गेटवर वॉचमनला तुमचं नाव मालकांनीच सांगून ठेवायचं, नाहीतर रोज उभं राहून फोनाफोनी.

आजारपणाची जबाबदारी. निघायच्या आधी मालकांकडून व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घ्या, की गरज पडली तर अमुक व्हेटकडे नेऊन इतक्या रुपयांपर्यंत उपचार करायला माझी परवानगी आहे, मी फोनवर सापडलो नाही तर या माणसाशी बोला. तो दुसरा माणूस पुण्यातला हवा. परदेशी जाणाऱ्यांकडे हे जास्त लागतं, मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या काका-काकूंची तिकडे रात्र असते तेव्हा इथे दुपार असते. उपचारासाठी थोडी रक्कम आधी तुमच्याकडे ठेवायला सांगा, लागली नाही तर परत. आणि स्वतःच्या मनाने एकही गोळी द्यायची नाही, माणसाची तर अजिबात नाही. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेन कुत्र्यालाही चालत नाही. कुत्र्याच्या मानेवर लावायच्या गोचिडाच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी, म्हणून ज्या घरात दोन्ही आहेत तिथे विशेष काळजी घ्या. खाण्याचंही तसंच, आपल्या मायेचा सगळा जोर जेवायला घालण्यावर असतो पण इथे आवरायचा. कांदा-लसूण घातलेली आमटी, चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि बेदाणे, शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, शिजवलेल्या चिकनची हाडं, यातलं काही नको. दिवाळीत बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा पण काढून नाही, लाडूच नको.

चावलं तर. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि हळद, चुना, मिरची काही भरू नका. मग लगेच दवाखाना, ससूनला किंवा पालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस मिळते, घरचं पाळलेलं आहे, लस झालीय असं म्हणून घरी बसू नका, काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की त्यावर इलाज नाही. हे काम नियमित करणार असाल तर चावायच्या आधीच घ्यायचे लसीचे डोस असतात, त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना या महिन्यातच विचारा. आणि हे पण लक्षात ठेवा, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने निष्काळजीपणा केला आणि कोणाच्या जिवाला किंवा गंभीर इजा होण्याचा धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्याच्या ताब्यात, म्हणजे त्या वेळी तुम्ही. म्हणून लीश (हातातली दोरी) सोडायची नाही, कोणी कितीही म्हणालं की "आमचा काही करत नाही".

सोसायटीचं बघू. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, ठराव केला तरी नाही, आणि लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. पण सेक्रेटरींशी कायद्याच्या भाषेत सुरुवात करू नका, घाण उचलता, लीशवर ठेवता, हे दिसलं की बहुतेकांचा विरोध मावळतो. लायसन्स म्हणाल तर कुत्र्यासाठी पुणे महापालिकेचा परवाना मालकाने काढायचा असतो, त्याला रेबीजचं सर्टिफिकेट लागतं, तुम्ही फक्त तो आहे का विचारा. पुढे कधी घरी बोर्डिंग (प्राणी राहायला ठेवून घेणं) सुरू करावंसं वाटलं, तेव्हा पालिका आणि सोसायटी दोन्हीकडे आधी चौकशी करा.

आता पैसे. तुमच्या भागातले दर तुम्हीच काढा, कोथरूड-कर्वेनगरमधल्या दोन-तीन बोर्डिंगवाल्यांना आणि घरी येणाऱ्या सिटर्सना गिऱ्हाईक म्हणून फोन करा, अर्ध्या दिवसात चित्र स्पष्ट होईल. त्याच्या जवळपास ठेवा, फार खाली नाही, स्वस्तात सुरुवात केली की नंतर वाढवताना भांडणं होतात. हिशोब मात्र वेळेचा करा. समजा मांजरीसाठी एका खेपेचे ३०० ठरले, रोज दोन खेपा, सहा दिवस, म्हणजे ३६००. तुमच्याच बिल्डिंगमध्ये असेल तर खेपेला अर्धा-पाऊण तास, एकूण नऊ तासांच्या आत, तासाला ४०० च्या वर. वारज्यात असेल तर गाडीवर जाऊन-येऊन, कामासकट खेपेला एक तास धरा, तासाला ३००, त्यातून पेट्रोल. हेच काम कोणी वाघोलीला दिलं तर ट्रॅफिक धरून एका खेपेला तीन तास जातील, ३६ तासांचे ३६००, तासाला १००, आणि पेट्रोल वेगळं, कंबर वेगळी. म्हणून कर्वेनगर, वारजे, कोथरूड, फार तर एरंडवणे, याच्या बाहेर जाऊ नका. दुसरा प्राणी असेल तर थोडे जास्त, औषध द्यायचं असेल तर जास्त, सणाच्या दिवशी जास्त, कारण त्या दिवशी तुमच्या घरी पण सण आहे. निम्मे आधी घ्या, आयत्या वेळी रद्द झालं तर ते परत नाही, हे आधीच लिहून सांगा.

आणि हे पैसे दर महिन्याला सारखे येणार नाहीत. दिवाळी, मे, डिसेंबरचा शेवट, आणि कोकणात घरचा गणपती असलेल्यांमुळे गणपतीचा आठवडा, यात मागणी इतकी येते की नाही म्हणावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, कोणी हलत नाही. त्यामुळे मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचा हप्ता यावर बांधू नका ताई. त्याच्या क्लासची पुस्तकं, घरातली एखादी मोठी खरेदी, तुमच्या नावावरची एक आरडी, एवढं नक्की होईल. मधल्या महिन्यांसाठी रोजचं काम धरा, दोघं नोकरीला जाणाऱ्या घरातलं एखादं कुत्रं दुपारी फिरवून आणणं, ते कमी पैशाचं पण बांधलेलं असतं.

पैसे यूपीआयवर घ्या, एका वहीत तारीख-रक्कम लिहा. नव्या करप्रणालीत वर्षाचं ४ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे, ट्यूशन धरूनही तुम्ही बहुधा त्याच्या आत असाल, पण मिस्टरांचा रिटर्न भरणाऱ्यांना एकदा विचारून ठेवा.

मिस्टरांनी "लोकांची कुत्री फिरवत बसणार का" असं म्हटलंय असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना पहिल्या भेटीला बरोबर घेऊन जा, वही त्यांच्या हातात द्या, प्रश्न तुम्ही विचारा आणि लिहून त्यांनी घ्यावं. किती जबाबदारीचं काम आहे ते त्यांना तिथेच बसून कळेल. सासूबाईंना मात्र आधी सांगा, घरात काही येणार नाही, कपडे बदलून हात-पाय धुऊनच स्वयंपाकघरात जाईन, हे शब्द ऐकल्यावर त्यांची निम्मी काळजी जाईल.

या आठवड्यात इतकंच करा, जवळच्या व्हेटकडे मोकळ्या वेळी जा, काय काम सुरू करताय ते सांगा, आणि रात्री दोन वाजता बोक्याची लघवी तुंबली तर पुण्यात या बाजूला कुठलं हॉस्पिटल उघडं असतं ते विचारा. तो नंबर, तिथे पोचायला लागणारा वेळ आणि रात्री मांजराचा कॅरियर घेऊन येईल असा एखादा ओळखीचा रिक्षावाला, हे तिन्ही फोनमध्ये सेव्ह झालं की मांजरीवाल्यांना हो म्हणून कळवा.